आखाजीच्या दुपारी गार राहील असं घर: खान्देशात उजेड, झाडं आणि मोकळी जागा कशी आखावी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. वैशाखाचे दिवस, जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ च्या घरात, आणि घरात दहा-बारा माणसं. अशा दिवशी दुपारी दोन वाजता घर कसं वागतं, त्यावरून मी घर पारखतो. बाकी दहा महिने कुठलंही घर चालून जातं.

घराचे नकाशे काढण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय. येणाऱ्या कुटुंबाचं म्हणणं बहुतेक एकच असतं. भरपूर उजेड हवा, घर हवेशीर हवं, चार झाडं हवीत. सोबत मोबाइलमध्ये एक फोटो असतो: जमिनीपासून छतापर्यंत काच, छताला काचेचा झरोका, समोर हिरवीगार लॉन. तो फोटो बहुधा थंड मुलखातला असतो. तिथे ऊन घरात यावं म्हणून काच लावतात. तेच घर पारोळ्यात किंवा शिरपुरात बांधलं तर मार्चपासून पडदे लावून, दिवसा ट्यूबलाइट लावून बसावं लागतं.

हे मी भोगलंय. माझ्या पहिल्या घराला मी बैठकीत पश्चिमेला साडेसहा फुटांची काचेची खिडकी ठेवली होती, रस्ता त्या बाजूला होता म्हणून. मार्च संपायच्या आत त्या काचेला आतून खोक्यांचे पुठ्ठे चिकटवले. चार वर्षांनी खिडकी फोडून तिथे जाळीची भिंत बांधली. त्या खर्चात दोन झाडं आणि एक चांगला ओटा झाला असता.

आपल्याला उजेड हवा आहे, ऊन नको आहे. घर आखताना प्रत्येक पायरीवर या दोघांना वेगळं करायचं आहे. पुढे जे लिहितोय ते त्याच क्रमाने आहे, ज्या क्रमाने मी काम करतो.

धाब्याच्या घरात काय होतं

अमळनेरजवळ बोरीकाठी आमच्या आजीचं धाब्याचं घर होतं. मातीच्या दोन-दोन फुटी भिंती, लाकडी खांबांवर सर, म्हणजे जाड आडवी लाकडं, वर किलचन, म्हणजे बारीक लाकडांचा थर, पाला आणि त्यावर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकायची, की पाणी गळत नसे. खिडक्या जवळजवळ नव्हत्याच. मधल्या खणाला वर एक हातभर सानं, म्हणजे छतातलं उजेडाचं भोक होतं, आणि त्यातून पडलेला उजेडाचा चौकोन सकाळी कोठीजवळ असे, दुपारी चुलीजवळ. सकाळचे नऊ वाजले की आजी ओरडायची, "दार लाई ले, ऊन घरमा ई ऱ्हायनं." संध्याकाळी दारं सताड उघडी. रात्री सगळे धाब्यावर झोपायला.

त्या घराची उणीवही होती, उजेड फार कमी होता. आजीचे डोळे चुलीच्या धुराने गेले, असं माय म्हणायची, आणि ते मला खरं वाटतं. म्हणून धाबं जसंच्या तसं परत बांधा, असं मी कोणाला सांगत नाही. पण जाड छत, सावलीचा ओटा, मध्ये आकाशाला उघडी जागा, आणि दिवसा बंद-रात्री उघडं ही सवय, एवढं तिथून उचलायचं.

आधी प्लॉटवर एक दिवस बसा

नकाशा काढण्याआधी प्लॉटवर सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच वाजता जा. मध्यभागी पाच-सहा फुटांची काठी रोवा आणि तिन्ही वेळची सावली चुन्याने आखा. शेजारच्या दुमजली घराची सावली तुमच्या जागेवर कधी पडते तेही बघा. शेजाऱ्याची भिंत पश्चिमेला असेल तर ती तुमची फुकटची छत्री आहे.

जळगाव, भुसावळ, धुळे हा पट्टा २१ अंश अक्षांशाच्या आसपास येतो. त्याचा घरावर होणारा परिणाम समजून घ्यायलाच हवा. मेच्या अखेरच्या आठवड्यात दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो, काठीची सावली नाहीशी होते. तिथून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य थोडा उत्तरेकडे असतो. डिसेंबरात मात्र तो दुपारी दक्षिणेला जेमतेम ४५ अंशांवर असतो. म्हणजे दक्षिणेची बाजू उन्हाळ्यात फारसा त्रास देत नाही आणि हिवाळ्यात ऊब देते. लोक दक्षिणेला उगाच घाबरतात.

खरा त्रास पश्चिमेचा. दुपारी तीननंतर सूर्य खाली उतरतो आणि त्याची किरणं छज्ज्याखालून सरळ आत घुसतात. पश्चिमेच्या खिडकीला चार फुटी छज्जा काढला तरी पाच वाजता त्याचा फारसा उपयोग होत नाही. आणखी एक गोष्ट नकाशात बहुतेकांकडून सुटते. मे-जूनमध्ये सूर्य थेट पश्चिमेला मावळत नाही, तर वीस-पंचवीस अंश वायव्येकडे सरकून मावळतो. त्यामुळे उत्तरेच्या खिडकीतही संध्याकाळी तिरकं ऊन येतं. तिच्या पश्चिमेच्या कडेला दीड फुटाची उभी पट्टी, म्हणजे बाजूला काढलेली पातळ भिंत, ठेवली की हा प्रश्न मिटतो.

वारंही बघा. उन्हाळ्यात दुपारची झळ बहुतेक पश्चिमेकडून येते. रावेर-यावलकडचा केळीवाला शेतकरी बागेच्या पश्चिमेला आणि दक्षिणेला शेवरीची दाट रांग लावतो, कारण उघडी बाग त्या वाऱ्यात फाटते. तोच शेतकरी गावात घर बांधतो तेव्हा पश्चिमेला गॅलरी आणि काच ठेवतो. केळीला जो न्याय लावता तो घराला लावा, एवढंच मी त्यांना सांगतो, आणि ते लगेच समजतात.

मोकळी जागा आधी, खोल्या नंतर

लेआउटमधला ३० बाय ५० चा प्लॉट घेऊ, म्हणजे १५०० चौरस फूट. नेहमीचा मार्ग असा की चारी बाजूंनी नियमापुरतं अंतर सोडायचं आणि उरलेलं सगळं बांधून काढायचं. मग चारी बाजूंना जी गल्ली उरते तिच्यात ना झाड लागतं, ना माणूस बसतो. तिथे जुनी सायकल आणि फुटक्या कुंड्या जमा होतात.

समासाचे नियम आधी तुमच्या नगरपालिकेतून किंवा ग्रामपंचायतीतून नीट कळून घ्या. २०२० पासून राज्यातल्या बहुतेक शहरांना एकच एकात्मिक नियमावली लागू आहे, आणि रस्त्याची रुंदी व प्लॉटचा आकार पाहून अंतर ठरतं. नियम पाळून जी मोकळी जागा उरते ती वाटून टाकू नका, गोळा करा. दक्षिणेला नियमाएवढंच सोडा, आणि वाचलेली जागा पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या अंगणात घाला. तळमजल्यावर साडेआठशे फूट बांधलं तर साडेसहाशे फूट मोकळं राहतं, आणि ते एकत्र असेल तर भरपूर वाटतं.

आता कागदावर खोल्या काढायच्या आधी घरातल्या बायकांना विचारा की वर्षभरात कोणती कामं घराबाहेर होतात. यादी लांब निघते. बिबड्या, कुरडया, पापड वाळवायला ऊन लागणारी जागा. खापरावर मांडे करायला चूल मांडता येईल असा कोपरा. थंडीत भरताची वांगी भाजायला तुराट्या-पऱ्हाट्या पेटवता येतील अशी माती, फरशी नव्हे, कारण जाळाने फरशी तडकते. कानबाईच्या सणाला भाऊबंद जमले की बसायला ओसरी. आणि आखाजीचा झोका. अशी यादी हातात आली की अंगण केवढं हवं हे वेगळं ठरवावं लागत नाही.

ओटा विसरू नका. रस्त्याकडे तोंड करून, दीड फूट उंच, सहा फूट खोल, वर छप्पर. चार फुटी ओट्यावर खाट टाकली की माणूस जात नाही, म्हणून सहा.

खोल्या कुठे ठेवायच्या

पश्चिमेच्या बाजूला अशा जागा ठेवा जिथे कोणी तासन्‌तास बसत नाही: जिना, मोरी, संडास, धान्याची कोठी. या खोल्या उन्हाचा मार अंगावर घेतात आणि आतलं घर वाचवतात. पूर्वेला बैठक आणि ओटा, आग्नेयेला स्वयंपाकघर, उत्तरेला आजी-आजोबांची खोली आणि मुलांचा अभ्यास. उत्तरेचा उजेड दिवसभर सारखा असतो, डोळ्यावर चमकत नाही, वाचायला उत्तम.

वास्तुशास्त्राबद्दल प्रत्येक जण विचारतो. त्यातल्या बऱ्याच गोष्टी आपल्या हवामानाशी जुळतात: ईशान्य मोकळी ठेवा, नैर्ऋत्य जड ठेवा, स्वयंपाकघर आग्नेयेला. अडचण फक्त नैर्ऋत्येच्या झोपायच्या खोलीची येते. नऊ इंची विटेची भिंत दुपारी चारला तापते आणि ती उष्णता आतल्या अंगाला पोचते रात्री दहा-अकराला, म्हणजे नेमकी झोपायच्या वेळी. कुटुंबाचा आग्रह असेल तर मी ती खोली तिथेच ठेवतो, पण पश्चिमेच्या भिंतीला खिडकी देत नाही, आतून पूर्ण भिंतभर कपाटं करतो आणि बाहेरून निंबाची, म्हणजे कडुनिंबाची, जागा धरतो. जमत असेल तर ती एक भिंत दुहेरी बांधा, मध्ये दोन इंच पोकळी ठेवून.

प्लॉटच पश्चिमेला तोंड करून असेल तर? गाडीची जागा आणि ओटा पुढे घ्या, त्यांच्या कडेला जाळीच्या विटांची भिंत करा, आणि बैठक त्याच्या मागे ढकला. दर्शनी बाजू म्हणून काच लावायचा मोह टाळा.

खिडक्या: माप, उंची, छज्जा

आपल्यासारख्या कोरड्या उष्ण हवेसाठी राष्ट्रीय इमारत संहिता खोलीच्या क्षेत्रफळाच्या किमान एक दशांश उघडी जागा सांगते. म्हणजे १० बाय १२ च्या खोलीला १२ चौरस फूट, तीन बाय चारची एक खिडकी. एवढ्यात उजेड पुरतो का? जागा बरोबर असेल तर पुरतो. खिडकीच्या वरच्या कडेची जमिनीपासून जेवढी उंची, त्याच्या दोन-अडीच पट आतपर्यंत कामापुरता उजेड जातो. सात फुटांवर वरची कड असेल तर १४ ते १७ फूट. म्हणून खिडकी रुंद करण्यापेक्षा वर न्या. छत आणि छज्ज्याची खालची बाजू पांढरी रंगवा, उजेड तिच्यावरून उडून आत येतो.

दक्षिणेच्या चार फुटी खिडकीला दोन फुटांचा छज्जा द्या. डिसेंबरात दुपारी त्याची सावली खिडकीच्या निम्म्यापर्यंत पडते, उरलेल्या निम्म्यातून ऊन आत येतं आणि म्हाताऱ्या माणसांना ते हवं असतं. फेब्रुवारीच्या मध्याला सावली तीन फुटांवर येते, आणि मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात पाच फुटांच्या पुढे, म्हणजे खिडकी पूर्ण झाकली जाते. दोन फूट सिमेंटचं हे काम वर्षानुवर्षं आपोआप चालतं. उत्तरेला दीड फूट पुरे. पूर्वेला सकाळी नऊपर्यंतचं ऊन घ्या, नंतर बांबूची चिक सोडा, पण चिक काचेच्या बाहेरून हवी. आतला पडदा ऊन आत आल्यावर अडवतो, तोवर काच तापलेली असते.

सरकत्या अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीची फक्त निम्मी जागा उघडते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. चार फुटांचे पैसे देऊन दोन फुटांचा वारा मिळतो. दारासारख्या उघडणाऱ्या पाखांच्या खिडक्या घ्या. शिवाय प्रत्येक खोलीत छतालगत एक छोटा झरोका ठेवा, दीड फूट बाय एक फूट, जाळी लावलेला. गरम हवा वर चढते आणि तिला बाहेर जायला वाट लागते.

छतात सपाट काच बसवू नका. मे महिन्यात सूर्य तिच्या बरोबर वर असतो. वरून उजेड हवाच असेल तर सान्याचीच नवी तऱ्हा करा: छताला दोन फुटांचं भोक, वर दोन फूट उंच छोटी पेटी, पेटीचं छप्पर सिमेंटचं आणि काच फक्त उत्तरेच्या अंगाला. जिन्याच्या हेडरूमला वर झडपांच्या खिडक्या दिल्या तर रात्री घरातली सगळी गरम हवा जिन्यातून धुराड्यासारखी वर निघून जाते. हे काम स्वस्त आहे, आणि मला स्वतःला नव्या घरांमध्ये यापेक्षा जास्त परिणाम देणारं काही सापडलेलं नाही.

चौक

लहान घरात चौक परवडतो का, हा प्रश्न रास्त आहे. ८ बाय १० चा चौक म्हणजे ८० चौरस फूट. पण तोच चौक असेल तर मधल्या दोन खोल्यांना दिवसा दिवा लागत नाही, कूलरची हवा जायला वाट मिळते आणि घरातल्या माणसांना एकमेकांचा आवाज येतो. आजी ओसरीत, सून स्वयंपाकघरात, नात अभ्यासाला, आणि सगळ्यांच्या मध्ये तुळस. माझा कौल चौकाच्या बाजूने आहे, अगदी एक खोली कमी झाली तरी.

आपल्याकडे चौक अरुंद आणि खोल हवा. भिंती कठड्यासह तेरा फूट असतील आणि चौक आठ फुटी, तर मे महिन्यातही जमिनीवर थेट ऊन साधारण साडेदहा ते अडीच एवढाच वेळ पडतं. तेवढ्यासाठी वर दोन तारा ताणून कड्यांवर सरकणारी हिरवी शेडनेट लावा. मार्चच्या मध्याला ओढायची, पहिल्या पावसाला सरकवून ठेवायची. त्याखाली लोखंडी ग्रिल हवीच, चोरासाठी आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत माकडांसाठीही.

चौकाची फरशी आतल्या घरापेक्षा चार ते सहा इंच खाली ठेवा आणि चार इंची पाइप दोन ठिकाणी द्या. एक पानांनी तुंबला तर दुसरा चालतो. आषाढातल्या एका रात्री हा दुसरा पाइप घर वाचवतो.

छत

एकमजली घरात निम्म्याहून जास्त तापण्याचा दोष स्लॅबचा असतो. पाच इंची स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर खाली उष्णता सोडत राहतो. त्यावर विटांच्या तुकड्यांचा कोबा सरासरी चार-पाच इंच, उताराने, आणि सगळ्यात वर पांढऱ्या चिनीमातीच्या तुकड्यांची फरशी. कोबा उष्णता अडवतो, पांढरा रंग ती परत फेकतो. बजेट नसेल तर दर मार्चमध्ये चुना द्या: विरवलेला चुना गाळून, त्यात डिंकाचं पाणी किंवा फेव्हिकॉल मिसळून, दोन हात. एका सकाळचं काम आहे.

सोलर पॅनेल लावणार असाल तर छताला चिकटवून न लावता सात-आठ फूट उंच लोखंडी मांडणीवर लावा. ३ किलोवॅटला साधारण तीनशे चौरस फूट जागा लागते, म्हणजे तेवढ्या छतावर कायमची सावली आली. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. खाली वाळवण सोडून बाकी सगळं होतं, आणि रात्री खाटा टाकायला पुरेशी गच्ची उरते याची काळजी घ्या. गच्चीवर एक नळ, एक दिवा आणि कठडा साडेतीन फूट. उन्हाळ्यात दोन महिने ती झोपायची खोली आहे.

कूलरची जागा नकाशावर दाखवा

खान्देशात कूलर नसलेलं घर मला माहीत नाही, आणि तरी कूलरची जागा दाखवलेला नकाशा क्वचितच दिसतो. घर पूर्ण झाल्यावर कुठल्या तरी खिडकीत तो बसवतात, बहुतेक पश्चिमेच्या, कारण ती मोकळी असते. तिथे तो तापलेली हवा आणि तापलेलं पाणी घेऊन काम करतो.

कूलर उत्तरेला किंवा पूर्वेला, सावलीत ठेवा. त्यासाठी खिडकीबाहेर तीन फूट बाय अडीच फुटांचा छोटा कट्टा, शेजारी नळ, बोर्ड आणि खाली पाण्याची वाट आधीच काढा. आणि मुख्य म्हणजे, हवा बाहेर जायची वाट समोरच्या भिंतीला ठेवा, कूलरच्या तोंडाच्या निदान दुप्पट. कूलर हवा ओली करून गार करतो. ती हवा अडकली की घरात दमट, कोंदट होतं आणि लोक म्हणतात कूलर चालत नाही. ओसरीत एक मोठा कूलर, तिन्ही खोल्यांच्या दारांवर झडपा आणि प्रत्येक खोलीचा छतालगतचा झरोका चौकात उघडा, एवढ्यात पूर्ण घर गार होतं. ज्या खोलीत माणूस नाही तिची झडप लावायची.

झाडं: निंब पायाच्या आधी

बांधकाम सुरू व्हायच्या आधीच्या पावसाळ्यात मोठं झाड लावून टाका. दोन बाय दोन बाय दोन फुटांचा खड्डा, शेणखत, उधई (वाळवी) लागू नये म्हणून निंबोळी पेंड आणि भोवती पत्र्याचं किंवा बाभळीच्या काट्यांचं कुंपण, नाहीतर रेतीचा ट्रक मागे घेताना झाड जातं. घर उभं राहायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तेवढ्यात निंब माणसाच्या डोक्यावर जातो.

झाड निवडताना फुलं बघू नका, एप्रिल-मेमध्ये त्याला पानं असतात का ते बघा. निंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पान गाळतो आणि ऊन कडक होईपर्यंत पुन्हा भरतो. करंजाला एप्रिलमध्ये कोवळी चकचकीत पालवी येते आणि त्याखाली मेमध्ये गडद सावली असते. बहावा सुंदर दिसतो, पण जेव्हा सावली हवी तेव्हा त्याची पानं झडलेली असतात. शोभेचा उंच सरळ अशोक सावली देत नाही. कोनोकार्पस लावूच नका. १५०० फुटांच्या प्लॉटला मोठं झाड एकच पुरतं, पश्चिमेला किंवा वायव्येला. दक्षिणेला उंच झाड नको, हिवाळ्याचं ऊन अडतं. तिथे लिंबू, कढीपत्ता, मोगरा.

निंब मोठा होईपर्यंतची पाच वर्षं शेवगा, पपई आणि केळीने काढायची. शेवगा वर्षात गच्चीला लागतो, शेंगाही देतो, फक्त फांद्या ठिसूळ असल्याने दर पावसाळ्याआधी छाटा. पश्चिमेच्या भिंतीला वेल थेट चढवू नका. भिंतीपासून फूटभर पुढे लोखंडी चौकट आणि त्यावर मधुमालती किंवा कृष्णकमळ. मधल्या फूटभर पोकळीतून हवा वाहते आणि भिंत ओलसरही होत नाही.

तापी-गिरणेकाठच्या काळ्या मातीत एक जास्तीची काळजी. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आक्रसून हातभर भेगा पडतात, आणि तिच्यावर नुसता उथळ पाया घातला की भिंती तडकतात. खड्डा खणून मुरूम किती खोल लागतो ते बघा आणि पायाचा निर्णय इंजिनिअरकडूनच घ्या. मोठं झाड भिंतीपासून किमान पंधरा फूट लांब, कारण मुळं तिथली ओल खेचून माती आणखी आक्रसवतात. घराभोवती तीन फुटांची फरशी बाहेर उतार देऊन करा, आणि पायालगतच्या झाडांना पाट सोडून पाणी देऊ नका. ठिबक लावा. ठिबकचं सामान आपल्याकडे गल्लोगल्ली मिळतं, शेतातून उरलेल्या नळ्याही चालतात.

लॉन नको. ती उन्हाळ्यात रोज पाणी मागते. सगळं अंगण पेव्हर ब्लॉकने झाकणंही नको, रात्री दहापर्यंत ते भाजत राहतं. मुरूम चोपून घ्या, चालायच्या वाटेवर शहाबादी तुकडे, मध्ये दूर्वा. संध्याकाळी सडा टाकला की दहा मिनिटांत तिथे बसता येतं.

पाणी कुठून आणायचं

नळाला रोज पाणी येत नाही, मग झाडं कशी जगवायची? जळगावकडे वर्षाला सरासरी सातशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. साडेआठशे फुटांच्या छतावर त्यातला ऐंशी टक्के जरी पकडला तरी सुमारे ४४ हजार लिटर होतात. दहा हजारांची टाकी ओसरीखाली बांधा, उरलेलं बोअरजवळच्या शोषखड्ड्यात सोडा. चुना दिलेल्या छताचं पहिल्या पावसाचं पाणी बाहेर जाऊ द्या.

मोरीचं पाणी केळीला आणि कर्दळीला. गाळ बसायला एक छोटी कुंडी, पुढे विटांचे तुकडे आणि रेती भरलेला चर, त्यात केळीची चार खुंटं. संडासाचं पाणी यात कधीही मिसळायचं नाही.

घर आधीच बांधलेलं असेल तर

पैसे या क्रमाने घाला. आधी छत पांढरं करा, तोच फरक सगळ्यात लवकर कळतो. मग पश्चिमेच्या भिंतीपुढे बांबू आणि शेडनेट, पुढच्या पावसाळ्यात तिथे शेवगा आणि निंब. मग कूलर सावलीच्या बाजूला हलवा आणि समोरच्या भिंतीत हवा जायला भोक पाडा. खिडक्या बदलणं सगळ्यात शेवटी. आणि आजची एक सवय फुकटात लावता येते: सकाळी नऊला सगळं बंद, रात्री आठला सगळं उघडं. मेमध्येही रात्री उशिरा हवा दुपारपेक्षा बरीच उतरते. ती रात्रभर घरात फिरली की भिंती गार होतात आणि दुसऱ्या दिवशी दोन-तीनपर्यंत टिकतात.

झोक्याचा हुक

हे काम स्लॅब भरायच्या आदल्या दिवशी करायचं असतं आणि तेव्हा ते कोणाच्याच लक्षात नसतं, म्हणून सळई बांधणाऱ्याला आधीच सांगून ठेवा. ओसरीच्या बीममध्ये, नुसत्या स्लॅबमध्ये नव्हे, २० मिलीमीटर सळईचे दोन हुक. त्यांच्या वरच्या टोकांना वळण देऊन ती बीमच्या मुख्य सळयांवरून अडकवायची आणि तारेने घट्ट बांधायची. दोन हुकांमध्ये चार फूट अंतर, आणि मागची भिंत निदान सात फूट लांब, नाहीतर पोरांचे पाय भिंतीला लागतात. शटरिंग काढल्यावर हुकांना रेड ऑक्साइड मारा. निंबाची फांदी झोका धरण्याएवढी व्हायला दहा-बारा वर्षं जातील, तोवर आखाजीला झोका इथेच लागणार. दोर दर वर्षी नवा घ्या, आणि लेकी बसायच्या आधी दोन धडधाकट माणसांनी लोंबकळून बघा.